वेलांटी, बंधारा आणि म्हैस

आमच्या पेठेतल्या तात्यांना पत्ता विचारायची सोय राहिलेली नाही. पूर्वी ते चारचौघा कोल्हापूरकरांसारखे "ह्ये काय, समोरच" म्हणून मोकळे व्हायचे. समोरच म्हणजे दोन किलोमीटर, हे विचारणाऱ्यानं समजून घ्यायचं. आता तात्या खिशातून फोन काढतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि उलट विचारतात, "चालत जाणार का गाडीवरनं?" पाहुणा बिचारा अंबाबाईचं देऊळ विचारायला थांबलेला असतो. पंधरा मिनिटांनी बघावं तर तो देवळाकडं पाठ करून अख्ख्या महाराष्ट्राचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेत असतो.

तात्यांची हयात गुजरीच्या सराफ पेठेत साज घडवण्यात गेली. एक मणी तिरका बसला तर जेवण गोड न लागणारा माणूस. हात कापायला लागले तसं काम सुटलं, पण नजर शाबूत राहिली, आणि तिला धंदा हवा होता. नातीनं करमणूक म्हणून ओपनस्ट्रीटमॅप दाखवला. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला हा जगाचा नकाशा. कुणीही यावं, आपली गल्ली, आपला नळ, आपला गतिरोधक त्यात भरावा. सगळं फुकट आणि सगळ्यांचं. फुकट म्हटल्यावर तात्यांनी आधी पितळ समजून बाजूला ठेवलं. मग त्यात गल्लीतला पार त्यांना तालमीच्या भलत्याच अंगाला दिसला. तो जागेवर आणेपर्यंत त्यांना चहा गेला नाही. पार सरकला आणि तात्या त्यातच अडकले.

भाच्यानं एकदा त्यांना खूश करायला गूगलच्या नकाशावरून पाचपंचवीस दुकानांची नावं उचलून भरली. दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवायचं नाही, हा ओपनस्ट्रीटमॅपचा कडक नियम. तात्यांनी सगळी नावं पुसायला लावली. "चोरीचं सोनं गुजरीत आणायचं न्हाई," एवढंच बोलले, पण भाचा महिनाभर फिरकला नाही.

त्यांच्या फोनवर स्ट्रीटकंप्लीट नावाचं एक अ‍ॅप आहे. ते माणसाला रस्त्यात गाठून प्रश्न विचारतं: या गल्लीत रात्री दिवे असतात का, या थांब्याला छप्पर आहे का, रस्ता डांबरी की खडीचा. या शेवटच्या प्रश्नावर तात्या दर वेळी अडतात, कारण कुठला महिना धरून सांगायचं ते अ‍ॅप विचारत नाही. दुकानांच्या वेळांवरून तर रोज वाद.

"तात्या, पाटी बघा की."

"पाटीवर धा लिवलंय. तू येतोस साडेअकराला. नकाशात खरं लिवावं लागतंय."

पण नकाशा भरणारे पुष्कळ असतात. तात्यांचा खरा शौक आहे तो त्या नकाशावर चालणारी अ‍ॅपं तपासण्याचा. चाचणीची आवृत्ती निघाली की आधी यांच्या फोनवर. नीट चाललेलं अ‍ॅप त्यांना बघवत नाही. एका अ‍ॅपात त्यांनी मिरजकर तिकटी उघडली आणि ताठ बसले. 'मि'ची वेलांटी अक्षराच्या आधी असायची ती मागं घसरलेली. पलीकडं महाद्वार रोडचा पाय मोडून 'महाद् वार' झालेला. कारण असं, की यातली काही अ‍ॅपं अक्षरांची चित्रं सुटी सुटी साठवतात आणि नाव काढताना एकापुढं एक मांडत जातात. रोमन लिपीचं त्यात भागतं. आपल्या अक्षरांना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभं राहायची सवय, त्यांचा असा खोळंबा होतो. तात्यांच्या लेखी हा मणी तिरका बसलेला साज होता, आणि तो भर चौकात टांगलेला.

तक्रार इंग्रजीत उतरवायचं काम इंजिनिअरिंगला असलेल्या नातीचं. तात्या सांगतात, "लिव, आमची तिकटी मोडली, आता बिंदू चौक मोडायची वाट बघताय काय?" नात लिहिते: कृपया लक्ष घालावे, सोबत चित्र जोडले आहे.

"एवढंच?"

"एवढंच असतं, तात्या."

"मग मी बोललो ते कुठं गेलं?"

दुसऱ्या एका अ‍ॅपात तात्या स्वतःच्या बोळातून चालत असले की फोन त्यांना शेजाऱ्याच्या न्हाणीघरात उभं करतो. उपग्रहाचा संदेश अरुंद बोळाच्या भिंतींवर आपटून आला की असं व्हायचंच. कळवल्यावर जर्मनीतून उत्तर आलं, आमच्याकडं असं होत नाही. "तुमच्याकडं बोळ हाय का?" असं तात्यांनी विचारायला लावलं. त्यावर तिकडून अजून काही आलेलं नाही.

एक तक्रार मात्र मलाही तंतोतंत पटते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यावरून दुचाकी जाते. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढतात आणि पूर आला की बंधारा पाण्याखाली. अ‍ॅप मात्र भर जुलैत माणसाला त्याच्यावरून जवळचा रस्ता दाखवतं. अमुक महिन्यात बंद अशी नोंद नकाशात करता येते, तात्यांनी ती केलीही. पण वाट काढणारी बरीच अ‍ॅपं ती नोंद वाचतच नाहीत. आणि पाऊस काय तारीख बघून येतो? पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. कुठल्या गल्लीत ते आधी शिरतं हे तात्यांना तोंडपाठ आहे, आणि ते त्यांनी घर न घर बघून नकाशात भरलंय. ही तक्रार सांगताना प्रथमच त्यांनी स्वतःहून सौम्य मजकूर सांगितला: "लिव, शाहू महाराजांनी काढलेलं राधानगरीचं धरण हाय. पाणी भरलं की दारं आपोआप उघडत्यात. लोखंडाच्या दाराला कळतंय, तुमच्या अ‍ॅपला कळायला काय हरकत हाय?" नातीनं हे शब्दाला शब्द पाठवलं.

सध्या घरात वाद पेटलाय तो गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून. संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, गवळी समोर धार काढतो, फेसाळ ग्लास हातात. याची नोंद करायची कशी? हॉटेल नव्हे, डेअरी नव्हे. नातीनं नकाशातल्या नोंदींच्या प्रकारांची यादी धुंडाळली, तर त्यात दुधाचं यंत्र सापडलं. युरोपात गोठ्याबाहेर असतं, नाणं टाकलं की दूध. तात्या आधी भडकले, म्हशीला यंत्र म्हणता? मग फुटपट्टी लावल्यासारखा विचार करून म्हणाले, "पैसं दिलं की दूध येतंय, हे खरं हाय." नातीनं थट्टेत नोंद तयार केली. पाठवायच्या आधी पुढचा रकाना उघडला: हे यंत्र रोखीनं चालतं की कार्डानं?

तात्यांनी चष्मा पुसला.

"कडब्यावर चालतंय म्हणून लिव."