सात घड्याळं, सहा सेल

इस्तंबूलहून परत आलो त्याच्या तिसऱ्या रविवारी मी बिल्डिंगमधल्या मंडळींना फोटो दाखवायला घरी बोलावलं. चहा-चिवडा ठेवला होता, नाहीतर येतं कोण! मोबाइल टीव्हीला जोडला आणि सुटलो. सुलतान अहमद मशीद, म्हणजे ती प्रसिद्ध निळी मशीद. सतराव्या शतकाच्या सुरुवातीची, सहा मिनार, आत वीस हजारांवर इझनिकच्या टाइल्स. मग सुलेमानिया, १५५७, मिमार सिनानचं काम. मग आयासोफिया. ५३७ साली चर्च, १४५३ साली मशीद, १९३५ साली संग्रहालय, २०२० साली परत मशीद. एवढ्या बदल्या तर बँकेतल्या छत्तीस वर्षांत माझ्यासुद्धा झाल्या नाहीत.

"तिकीट किती हो?" तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

"पंचवीस युरो. अडीच हजार धरा."

"दोघांचे पाच!" स्वयंपाकघरातून बायको. "आणि पाच देऊन आत सोडत नाहीत ते. खालचा मजला नमाज पढणाऱ्यांचा. पाहुण्यांनी वरच्या गॅलरीतून पाहायचं. बाल्कनीचं तिकीट काढून दिलं म्हणा ना मला."

तिनं लगेच पाच हजारांत संत्रा बर्फी किती किलो येते याचाही हिशेब मांडला. मी आवाज वाढवून पुढचा फोटो लावला. आमच्या हॉलमधलं घड्याळ दिवाळीपासून पावणेपाचला थांबलेलं आहे. त्यामुळे किती वाजले ते कुणालाच कळत नव्हतं, आणि माझे एकशे ऐंशी फोटो निर्वेध पार पडले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत आमचे कॅशियरसाहेब बसले होते. त्यांचं नाव इथं घालणार नाही, मानधनात वाटा मागतील. आम्ही एका शाखेत अकरा वर्षं काढली. नोटांचं बंडल मोजताना भूकंप झाला तरी हा माणूस मान वर करायचा नाही. राहणार मोमिनपुरा. सगळे फोटो त्यांनी त्याच शिस्तीत, एकही न गाळता पाहिले. लोक उठायला लागल्यावर म्हणाले, "बढिया. आता आमच्या इथली पाहून राहिले का कधी?"

"कुठली?"

"जामा मशीद. मोमिनपुऱ्याची."

मी चिवड्याची बशी त्यांच्यापुढे केली. दुसरं काही सुचलं नाही.

मी जन्मानं नागपूरकर. मोमिनपुरा मला पाठ आहे, पण पोटाच्या बाजूनं. रमजानच्या रात्री अकरा वाजता तिथं कुठल्या गल्लीत कबाब, कुठं शीरखुर्मा आणि कुठं फक्त धूर, हे मी डोळे मिटून सांगेन. नवख्या माणसाला पत्तासुद्धा असाच द्यायचो, "मिनाराकडे पाठ करून उभा राहा अन् डाव्या हातानं चालू लाग." तीस-पस्तीस वर्षं मी त्या मिनाराचा उपयोग पाठ करून उभं राहायला केला. पायऱ्या चढायचं काही मनात आलं नाही. कुणी अडवलं नव्हतं. बोलावलंही नव्हतं, पण तसं इस्तंबूलच्या सुलतानानं तरी कुठं पत्रिका धाडली होती!

"पण मी ताजबागला जातो ना," मी बचाव केला.

हा बचाव प्रत्येक नागपूरकराच्या खिशात असतो. आमच्याकडे दहावीच्या निकालाआधी एक फेरी गणेश टेकडीला आणि एक ताजबागला, हा अभ्यासक्रमाचाच भाग. ताजुद्दीन बाबांचा जन्म कामठीचा, १८६१ सालचा. लोकांनी त्यांना वेडं ठरवलं आणि १८९२ साली नागपूरच्या पागलखान्यात घातलं. बरं, घातलं तर घातलं, पण गर्दी त्यांच्या पायाशी तिथंच लोटायला लागली. शेवटी १९०८ साली रघूजीराजे भोसल्यांनी त्यांना बाहेर काढून शकरदऱ्याच्या आपल्या महालात आणून ठेवलं. मराठा राजाच्या घरी मुसलमान अवलिया. पुढं १९२५ साली बाबा गेले, आणि आजही उमरेड रोडवर फुलांची चादर घेऊन निघालेल्या स्कूटरवर पुढं लिंबू-मिरची लटकलेली असते. नागपुरात याचं कुणाला नवल वाटत नाही.

"ती दर्गा आहे साहेब," कॅशियरसाहेब म्हणाले. "दर्गा म्हणजे मजार. शेगावला तुम्ही समाधीच्या दर्शनाला जाता का नाही, तसं. मशीद वेगळी. तिथं मजार नाही, फोटो नाही, चादर नाही, नवस नाही."

"मग तिथं बघायचं काय?"

"तेच तर म्हणून राहिलो. या एक दिवस."

ते गेल्यावर बायकोनं कपाटातून आमचा जुना अल्बम काढला. तिला काहीतरी आठवलं होतं. विदर्भातल्या रीतीप्रमाणे आम्ही लग्नानंतर चिखलदऱ्याला गेलो होतो. तिथून जवळच गाविलगड. एका फोटोत ती मोठाल्या दगडी कमानींच्या रांगेपुढे उभी आहे, हातात अर्धं खाल्लेलं कणीस. खाली माझ्या अक्षरात, 'राणीमहाल'.

"हा राणीमहाल आहे का हो खरंच?"

चष्मा लावून पाहिलं. गडावर राणीमहाल आहे, पण हा तो नव्हे. ही गडावरची जुनी मशीद. म्हणजे माझ्या संसाराचा पहिलाच फोटो मशिदीतला, आणि मथळा चुकलेला. गाविलगड बहमनी सुलतान अहमदशाह वलीचा, १४२५ सालचा. १४८८ साली त्याची मोठी डागडुजी केली फतहुल्ला इमादुल्मुल्कनं. हा गृहस्थ जन्मानं विजयनगरकडचा हिंदू. लहानपणी लढाईत पकडून आणलेला, इथं मुसलमान झाला आणि पुढे वऱ्हाडात स्वतःची इमादशाही थाटून बसला. गडाच्या दिल्ली दरवाज्यावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तो पक्षी मूळचा तिकडचाच. मी बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलं?" तेव्हा मला कणसाचे पैसे देण्याव्यतिरिक्त काही येत नव्हतं.

तर जानेवारीतल्या एका दुपारी निघालो. "जुम्म्याला नका येऊ," कॅशियरसाहेबांनी बजावलं होतं, "त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते." जुम्मा म्हणजे शुक्रवार, हे नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. आमच्याकडे आठवडाच रस्त्यांवर पसरलेला आहे. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शनिचरी. गांधीसागर तलावाचं जुनं नाव जुम्मा तलाव, आणि शुक्रवारी तलावही तोच. लहानपणी मला ते दोन तलाव वाटायचे, आणि एक कधीच दिसत नाही म्हणून मी तो शोधत असे. तो तलाव गोंड राजा चांद सुलतानच्या वेळचा. त्याच्या बापानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवलं. देवगडचा गोंड, औरंगजेबाच्या दरबारात जाऊन मुसलमान झालेला, आणि गोंड रीतिरिवाज तरी न सोडलेला. शहराचा पायाच असा घातल्यावर पुढं भोसले आले काय, इंग्रज आले काय आणि १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षेसाठी हेच शहर निवडलं काय, नागपूरनं सगळ्यांना थोडं सरकून जागा करून दिली. फक्त पार्किंगला मिळत नाही.

म्हणून मेट्रोनं गेलो. सुभाषनगरला बसलो, दोसर वैश्य चौकात उतरलो. पुढं चालत. वाटेत मी उर्दूची तालीम करत होतो. तशरीफ, इजाजत, शुक्रिया. इस्तंबूलला तुर्की धन्यवाद पाठ करून गेलो होतो, तेव्हा घरच्या मशिदीसाठी एवढं तरी करायलाच हवं.

दाराशी चपलांच्या फळीपाशी विशीतला एक मुलगा उभा होता. मी घसा खाकरला. "जनाब, अगर इजाजत हो तो..."

"काका, चपला इथं काढा न," तो म्हणाला. "वरच्या खान्यात ठेवा, खालच्यात पाणी येऊन राहिलं."

हा नागपूरचा जुना रोग आहे. दोन मराठी माणसं सीताबर्डीत भेटली तर पाच मिनिटं एकमेकांशी हिंदी बोलतात, आणि ज्याच्याशी हिंदी बोलावं तो वऱ्हाडीत उत्तर देतो. माझी उर्दू तिथंच चपलांबरोबर वरच्या खान्यात गेली.

बायका इथं आत जात नाहीत. इस्तंबूलला डोक्याला ओढणी गुंडाळून बायको माझ्याआधी आत शिरली होती, त्यामुळे मला ते खटकलं आणि मी तसं म्हणालोही. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वहिनींबरोबर, म्हणजे कॅशियरसाहेबांच्या पत्नीबरोबर, त्यांच्या घरी निघाली होती. घरून वेलदोड्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. नुकसान कुणाचं, हा प्रश्न मी पुढं ताणला नाही.

आत नळांची लांब रांग, प्रत्येक नळापुढे बुटकं बसकं. वजूची जागा. पाहुण्यानं केलंच पाहिजे असं नाही, पण मला हौस. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी एकेक करून दाखवलं. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय. बहुतेक सगळं तीन-तीनदा. मला मुंजीतलं आचमन आठवलं. तिथंही तीनदाच, आणि तिथंही गुरुजींनी सांगितलं ते सोडून मी भलतंच केलं होतं. इथं मी पायांपासून सुरुवात केली. म्हातारबाबा काही बोलले नाहीत, फक्त स्वतःचा नळ थोडा बारीक केला, कारण माझं सगळं पाणी त्यांच्या पायजम्यावर जात होतं. टोपीसाठी टोपली होती, विणलेल्या प्लास्टिकच्या टोप्यांची. माझ्या गुळगुळीत डोक्यावर त्यातली एकही स्थिर राहायला तयार नव्हती. शेवटी खिशातला हातरुमाल काढून चार कोपऱ्यांना गाठी मारल्या. अमृतसरला हाच रुमाल होता.

आणि मग ती रिकामी जागा. कॅशियरसाहेबांचं खरं होतं, बघायला काही नाही. सतरंजीवर ओळीनं आखलेल्या पट्ट्या, समोर भिंतीत मेहराब, बाजूला मिंबराच्या तीन पायऱ्या, वर पंखे. दोन माणसं खांबाला टेकून बसलेली, एक आडवा. बाहेर मोमिनपुऱ्याचा हॉर्न, हातोडी, कोंबड्या, सगळं एकाच वेळी चालू, आणि आत आल्यावर त्याचा आवाज कुणी नॉब फिरवून कमी केल्यासारखा. उत्तरेतून १८५७ नंतर इकडे आलेल्या विणकरांची ही वस्ती. ओळी सरळ धरणं या लोकांना वेगळं शिकवावं लागलं नसेल, असं त्या पट्ट्यांकडे बघताना वाटून गेलं.

पण माझं लक्ष समोरच्या भिंतीवर गेलं. तिथं घड्याळं होती. एक नाही, सात. प्रत्येकात वेगळी वेळ. आमच्या हेडऑफिसात अशीच होती, मुंबई, लंडन, न्यूयॉर्क, टोकियो. मोमिनपुऱ्याचा टोकियोशी काय व्यवहार असावा याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात लक्षात आलं की चालतंय एकच. बाकीची सहा ठप्प.

आता तुम्हाला माझा स्वभाव सांगतो. रिकाम्या हातानं पाहुणा म्हणून आलेलो, मनातून संकोचलेलो. काहीतरी देता येईल अशी संधी मी शोधतच होतो. कॅशियरसाहेब म्हातारबाबांशी बोलत होते. मी गुपचूप बाहेर आलो, समोरच्या दुकानातून सहा पेन्सिल सेल घेतले, घासाघीस करून दहा रुपये कमी केले आणि रुमाल सावरत परत आत. दाराशी तोच मुलगा. मी दानशूर आवाजात म्हणालो, "हे घे. सहाही घड्याळं बंद पडलीत. मशिदीतली घड्याळं अशी बंद राहू नयेत."

मुलानं सेलांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तो हसला नाही, याबद्दल मी त्याचा आजन्म ऋणी आहे.

"काका, ते बंद नाही. त्याच्यात सेल टाकतच नाही आपण. ते फजर, ते जोहर, असर, मगरीब, इशा, अन् ते शेवटचं जुम्म्याचं. जमातीची नमाज कितीला, ते लावून ठेवतो. चालते ते एकच, वरचं."

म्हणजे ती सहा घड्याळं किती वाजले ते सांगतच नव्हती. कधी यायचं ते सांगत होती. काटे हातानं सरकवायचे. ऋतू बदलला की सगळे, आणि मगरीबचा तर सारखाच, कारण ती सूर्यास्ताला बांधलेली. नागपूरचा सूर्य डिसेंबरात साडेपाचला ऑफिस बंद करतो आणि जूनमध्ये सातपर्यंत ओव्हरटाइम, तेव्हा तेवढा दीड तासाचा प्रवास तो काटा वर्षभर सरकत-सरकत करतो. हे काम अजान देणाऱ्या मुअज्जिनसाहेबांचं. ते स्टूल घेऊन आलेच होते. असरचा काटा पाच मिनिटं पुढे करायचा होता. स्टूलवर चढले, पंजानं काच पुसली, तर्जनीनं मिनिटकाटा पावणेपाचवर आणला, मान मागे घेऊन डोळे बारीक करून पाहिलं, नखानं आणखी केसभर ढकलला आणि उतरले. आयासोफियाच्या गॅलरीतून मला असलं काही दिसलं नव्हतं.

कॅशियरसाहेबांना मुलानं किस्सा सांगितलाच. ते नोटा मोजताना हसत नसत, पण सेल मोजताना खांबाला धरून हसले. एक-दोन-तीन-चार-पाच-सहा, बरोबर आहेत, म्हणाले, आणि पाकीट माझ्या खिशात परत घातलं.

त्यांच्या घरी बायको पाटावर बसून दुसरी वाटी फिरनी खात होती. मला पहिली अर्धीच मिळाली, कारण "तुम्हाला शुगर आहे." परतताना तिच्या हातात डबा होता, माझ्या हातात काही नव्हतं, आणि मेट्रोत ती मला वहिनींच्या भावाच्या मुलीच्या लग्नाची पूर्ण यादी सांगत होती. एका दुपारीत ती तिथं माझ्या अकरा वर्षांपेक्षा जास्त मुरली होती.

घरी येऊन कपडे बदलताना खिशातून सेल खाली पडले. निदान एक तरी कामी लागू दे म्हणून मी खुर्ची ओढली आणि हॉलमधलं घड्याळ काढायला चढलो.

"थांबा हो," बायको म्हणाली. तिनं घड्याळाकडे नीट पाहिलं. "पावणेपाच. आपण तर असरचं लावून ठेवलंय."