नऊच हायत, पावणं!

तुमच्याही घरात असा एक असणारच. मूल अडीच वर्षांचं झालं की त्याच्या बापाला मॉन्टेसरी चावते. आमच्यात ती दाजींना चावली. सख्ख्या बहिणीचा नवरा, म्हणजे उलट बोलायची सोय नाही. आणि ते मला 'पावणं, बसा' म्हणत असल्यामुळे उठून जायचीही नाही.

दाजींचं नेसरीच्या स्टँडजवळ मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. घटप्रभेकाठच्या जळक्या मोटारी त्यांच्याकडे येतात. कॉइल भरताना ते तारेचे टर्न मोजतात, आणि तेव्हा कुणी हाक मारली तर हूं की चूं करत नाहीत. "येक टर्न कमी पडला तर मोटर जळती, पावणं." भरलेल्या मोटारीचं वार्निश वाळेपर्यंत हातात मोबाईल. त्या मोबाईलवरच त्यांना एके रात्री मारिया मॉन्टेसरी भेटली.

आमच्या लहानपणी हे कुणा बाईचं नाव आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा, तशी पहिलीच्या आधीची कुठलीही शाळा म्हणजे मॉन्टेसरी. दाजींचे वडील, आबा, तर तिला गावच समजले. "नेसरी ठाव हाय. मांटेसरी कुठं आली? चंदगडाकडं काय?" दाजींनी समजावलं की इटलीची डॉक्टरीणबाई, १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर काढलं. आबा म्हणाले, "मग पोरगं जाणार कशानं? वडापनं?"

तिथून घराची उंची कमी होत गेली. मॉन्टेसरीत सगळं मुलाच्या हाताला आलं पाहिजे, म्हणून दाजींनी टेबलाचे पाय कापले, खुंट्या गुडघ्याएवढ्या खाली आणल्या आणि पाण्याचा माठ जमिनीवर ठेवला. आबांना पाणी प्यायचं तर आधी भिंतीला धरून बसावं लागायचं आणि मग कुणी तरी उठवावं लागायचं. मुलाला प्लॅस्टिक द्यायचं नाही, खरी काच द्यायची, हाही एक नियम. ताईच्या सहा ग्लासांतले दोन उरले. "शिकायलंय," दाजी म्हणायचे. ताई केरसुणी घेऊन यायची.

पण दाजींचा खरा जीव जडला तो गुलाबी मनोऱ्यावर. दहा लाकडी ठोकळे, सगळ्यांत मोठा १० सेंटिमीटरचा, मग एकेक सेंटिमीटर कमी होत शेवटचा १ सेंटिमीटरचा. मोठ्याच्या पोटात धाकटे एक हजार मावतात, हे त्यांनी मला दुकानात, जेवताना आणि एका मयताच्या घरी सांगितलं. सुताराकडून फणसाच्या लाकडाचा तसा संच करून घेतला. रंग दिला नाही, कारण मापाला रंग लागत नाही. धाकटा दहावा ठोकळा हरवू नये म्हणून शर्टाच्या खिशात, टेस्टरशेजारी.

मग शाळा बघणं सुरू झालं. मॉन्टेसरी या नावावर कुणाची मालकी नाही, त्यामुळे पाटी रंगवायला रंगारी तेवढा लागतो. दाजी पाटी वाचायचेच नाहीत. आत जायचे, गुडघ्यावर बसायचे, मनोरा मोजायचे आणि वळून म्हणायचे, "नऊच हायत, पावणं." पहिल्या शाळेत नऊ. दुसऱ्या शाळेत नऊ. तिसऱ्या शाळेत मनोराच नव्हता, घसरगुंडी होती. दाजींनी तिच्या पायऱ्या मोजल्या. त्याही नऊच. प्रत्येक ठिकाणी हरवलेला तो एकटा धाकटा. कुणाच्या खिशात गेलेला, कुणाच्या नाकात.

मी एकदा धीर करून म्हणालो, "दाजी, दोन घरं सोडून अंगणवाडी आहे." त्यांनी माझ्याकडे जळक्या मोटारीकडे बघतात तसं बघितलं. मग मला चेव आला. म्हटलं, ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर हेच शिक्षण मांडत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढं बोर्डीला आणि मग कोसबाडला, अनुताई वाघांना बरोबर घेऊन, आदिवासी पोरांच्या अंगणातच शाळा नेली. महागडं साहित्य परवडेना म्हणून शिंपले, खडे, बिया वापरल्या. अंगणवाडी ती तिथली. दाजी लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बिया मोजून हुत्या काय?"

यावर काय बोलणार? ती रोममधली पहिली शाळा सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत, मजुरांच्या पोरांसाठी निघाली होती. शंभर वर्षांत ती अशी काही वर चढली, की आता तिच्या फीची पावती बघून मजुरानं खाली बसावं. पण फीबद्दल दाजींनी कुठंच हुज्जत घातली नाही. हुज्जत ठोकळ्याची.

शेवटी गडहिंग्लजची एक शाळा ठरली. मुलाखतीला दाजी, ताई, भाचा, आबा, आजी, मी आणि गडहिंग्लजला कुणीही निघालं की निघणारे शेजारचे एक काका, असे वडापमध्ये बसलो. ड्रायव्हरनं आरशात मोजलं आणि म्हणाला, "सातजणं? नेसरीतनं? जपून जावा." १६७४ सालापासून आमच्याकडे सात हा आकडा कुणी साधा घेत नाही. सहा साथीदारांसह शत्रूवर तुटून पडलेल्या प्रतापराव गुजरांचं स्मारक खिंडीत उभं आहे.

मॅडम चांगल्या होत्या. दाजी गुडघ्यावर बसले तेव्हा हसल्या नाहीत. तोवर भाच्यानं मनोरा उतरवून ठोकळे एकामागं एक लावले होते आणि तोंडानं आवाज काढत ढकलत होता. "काय केलंस बाळा?" "टॅक्टर. ऊस चाललाय." मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, की मनोऱ्याचा ट्रॅक्टर करत नसतात, प्रत्येक साहित्याचा आपला उद्देश असतो. दाजींना ते अजिबात लागलं नाही. ते ट्रॉल्या मोजत होते.

मग फॉर्म. मुलाच्या जन्मतारखेपुढे, कुणी विचारलं नसताना, दाजींनी वेळ लिहिली: पहाटे ४.१७. पालकाची जन्मतारीख: १ जून. मॅडम म्हणाल्या, "या फायलीतले निम्मे बाबा १ जूनचेच आहेत."

परतीच्या वडापमध्ये दाजी बराच वेळ गप्प होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमाला गुर्जींनी डोक्यावरनं हात घालून पलीकडचा कान धर म्हटलं. धरला. झाली शाळा. तारीख बी त्यांनीच घातली. आबा मळ्यात हुतं." आबा खिडकीतून उसाकडे बघत होते. काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि, उभ्या जन्मात पहिल्यांदाच, मिटलं.

एक सांगायचं राहिलं. निघताना सगळे चपला घालत होते, तेव्हा मी वळून बघितलं. दाजी परत वर्गात गेले होते. मनोरा पुन्हा रचला होता, खाली नऊ गुलाबी. त्यांनी खिशातून फणसाचा तो पिवळा ठोकळा काढला, शर्टाला पुसला आणि वर ठेवला. मॅडमना सांगितलं नाही. मला तर नाहीच.

परवा नेसरीला गेलो होतो. भाचा पाय कापलेल्या टेबलावर घरचा मनोरा रचत होता. इतक्या दिवसांचा सूड घ्यायची संधी होती. मी मोजले आणि ओरडलो, "दाजी, नऊच हायत!"

दाजी कॉइल भरत होते. टर्न पुरे होईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरात चालतंय."