धुराड्याच्या रकान्यात शून्य

युरोपातलं घर तापवायचं आणि पृथ्वी मात्र थंड ठेवायची, अशी दुहेरी कामगिरी अंगावर घेतलेली लाकडाची गोळी सध्या भलतीच लाडात आहे. ६ मिलिमीटर जाड, करंगळीच्या पेराएवढी लांब. लाकडाचा भुसा सुकवायचा आणि साच्यातून दाबून काढायचा. लाकडातलंच लिग्निन तापून चिकटतं, डिंक लागत नाही. १५ किलोच्या पिशवीवर हिरवं पान असतंच. पिशवी शेगडीच्या टाकीत ओतली की आतला स्क्रू गोळ्या पुढे ढकलत राहतो. वीज गेली की स्क्रू थांबतो आणि घरातले रजया शोधतात. असो.

आमचा जीव जडलाय तो शून्यावर. ही गोळी जळते तेव्हा कार्बनच्या हिशेबवहीत धुराड्याच्या रकान्यात शून्य मांडतात. कार्बन तर भरपूर निघतो, तेवढ्याच उष्णतेमागे कोळशापेक्षा जास्तच. तरी शून्य. का, तर झाड जिथे तोडलं तिथे त्याची नोंद झाली, मग दोनदा कशाला? म्हणजे पाइन पडला अमेरिकेतल्या जॉर्जियात, ट्रकने बंदरावर गेला, जहाजाने अटलांटिक ओलांडून युरोपातल्या बॉयलरमध्ये जळला आणि त्याचा धूर चढला अमेरिकेच्या खात्यावर! तिथे बाकीची झाडं वाढतच असतात. त्यांच्या बेरजेत ही वजाबाकी गुपचूप जिरते.

ही पद्धत आम्ही ताबडतोब घरी लागू करणार आहोत. डॉक्टरांना सांगायचं, श्रीखंडातली साखर कारखान्याच्या खात्यावर मोजली, चक्का म्हशीच्या. आमच्या तोंडाच्या रकान्यात शून्य. वजनकाटा काही का दाखवेना, त्या बिचाऱ्याला आंतरराष्ट्रीय हिशेब कुठला कळायला? शिवाय आज खाल्लेली वाटी आम्ही पुढच्या ३० वर्षांत चालून जिरवू, हवं तर लेखी देतो. तोडलेल्या पाइनच्या जागी तेवढा पाइन उभा राहायला २५-३० वर्षं लागतात. ती मुदत त्याला चालते, तर आम्हालाच का नाही? दरम्यान दुसरी वाटी? तीही शून्यच. तिसरी? तिसरी तर अक्षय! शेवटी डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलंच, तर ते म्हशीला टोचावं.

सॉ मिलमध्ये सांडलेल्या भुशाच्या गोळ्या करा, आमचं काहीच म्हणणं नाही. आपल्याकडेही उसाचा बगॅस आणि भुईमुगाच्या टरफलांच्या दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे व्हाइट कोल, बॉयलरमध्ये जळतातच. पण भुसा पुरेनासा झाला की अख्खे ओंडके यंत्रात जातात, आणि पिशवीवरचं पान मात्र तेच. खरा संताप पुढेच आहे. जव्हारच्या एखाद्या पाड्यावर बाई वाळक्या काटक्यांची मोळी डोक्यावरून आणते आणि तीन दगडांवर भाकरी भाजते, तेव्हा तो धूर मागासलेला ठरतो. लगेच तिच्यासाठी शिबिर, स्लाइड शो, चहा-बिस्कीट. तिच्या काटकीला ना ड्रायर लागतो, ना ट्रक, ना जहाज. तो धूर तिच्या छातीत जातो हे वाईटच. तिला गॅस मिळाला पाहिजे आणि सिलिंडर परत भरून घेणं परवडलंही पाहिजे. पण हवामानावरचं व्याख्यान तिने ऐकायचं, आणि शून्य मात्र जहाजभर लाकूड जाळणाऱ्याच्या रकान्यात? उधारीचं पोतं सव्वा हात रितं, हे तिला वाण्याच्या दुकानात केव्हाच कळलंय.

साहेब, शून्य मांडायची एवढी हौस असेल तर धुराड्याच्या तोंडाशी यंत्र धरा आणि येईल तो आकडा लिहा. तो शून्य येणार नाही.