अडीच फटक्यांचा गुरू

बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा फटका साधणारा फलंदाज थोर गणला जातो. उरलेल्या सात वेळा तो मुकाट परततो आणि लोक त्याच्यावर प्रेम करत राहतात. इतका दयाळू हिशेब मला दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसलेला नाही. हा हिशेब हजारात मांडतात. त्यात तीनशे म्हणजे मोक्ष. मिशिगनच्या चार्ली लाऊची सरासरी होती २५५. १९५६ ते १९६७ या काळात डेट्रॉइट, मिलवॉकी, बाल्टिमोर, कॅन्सस सिटी, पुन्हा बाल्टिमोर आणि शेवटी अटलांटा असं त्याचं बिऱ्हाड पाठीवर फिरत राहिलं. १९६२ साली एकाच सामन्यात त्याने चार डबल मारले, त्या हंगामात २९४ पर्यंत पोचला. मोक्षाचं दार दिसलं; कडी मात्र आतून होती.

तो कॅचर होता. म्हणजे दुसऱ्याच्या बॅटमागे उकिडवं बसून उमेदीची वर्षं काढायची. गुडघ्यांना ही जागा वाईट, पण डोळ्यांना फार चांगली. कोणाचं पाऊल कधी सरकतं, कोणाचं डोकं चेंडूआधीच वर उठतं, हे तिथून हातभर अंतरावर दिसतं. आमच्याकडच्या गाण्याच्या मास्तरांचा स्वतःचा आवाज तार षड्जापाशी जिन्यावर दमलेल्या म्हाताऱ्यासारखा थबकायचा. पण बाहेरच्या खोलीत कुणाचा निषाद केसभर उतरला की स्वयंपाकघरातून, चहा ढवळता ढवळता, त्यांचं ‘हं!’ यायचं. ज्याला सहज जमतं त्याला ते कसं जमतं हे पाहायची फुरसत नसते. न जमणाऱ्याकडे फुरसतच फुरसत.

१९७१ पासून लाऊ कॅन्सस सिटी रॉयल्सच्या फलंदाजांना शिकवू लागला. पुतळ्यासारखे उभे राहू नका, डुलत राहा, भार आधी मागच्या पायावर, मग पुढे, डोकं खाली. ज्याच्या शब्दाला वेदाचा मान होता तो टेड विल्यम्स कंबरेच्या गिरकीची महती सांगे, आणि त्याची सरासरी होती ३४४. अशा माणसापुढे २५५ घेऊन वेगळं काही सांगायला एक निर्मळ निर्लज्जपणा लागतो. तो लाऊपाशी होता. १९७४ मध्ये चाचपडणारा पोरगेला जॉर्ज ब्रेट त्याच्या हाती लागला. १९७६ मध्ये तो लीगमधला अव्वल फलंदाज ठरला, १९८० मध्ये तर ३९० वर गेला. १९८३ च्या एका चित्रपटात एका शाळकरी पोराला फलंदाजी शिकवायला लाऊ स्वतःच, स्वतःच्याच नावाने उभा राहिला. पुढच्याच वर्षी तो गेला.

त्याच्या १९८० च्या पुस्तकाचं नाव ‘द आर्ट ऑफ हिटिंग .३००’. नावात स्वतःचा आकडा घातला असता तर पुस्तक कोणी उघडलं नसतं. आणि स्वतःचा आकडा तीनशे असता, तर त्याने ते बहुधा लिहिलंच नसतं.