एका गुणाचा भाव

बारावीला विषय सुटायला शंभरात ३५ गुण लागतात. डॉक्टरकीच्या प्रवेशाला ‘पात्र’ ठरायला शंभरात २० पुरतात. विनोद नाही, सरकारी आकडा आहे. २०२५ च्या नीटमध्ये खुल्या गटाची पात्रतेची रेषा होती ७२० पैकी १४४.

नीटचा पेपर कठीण असतो, चुकीला उणे गुण असतात, तेव्हा दोन परीक्षांचे टक्के एका तराजूत घालू नयेत, हे मान्य. पण मग दुसरा हिशोब करा. त्या वर्षी परीक्षा दिली २२ लाख ९ हजार पोरांनी. पात्र ठरली १२ लाख ३६ हजार. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे एका खुर्चीमागे दहा पात्र उभे. एवढी गर्दी असताना रेषा इतकी खाली कशाला ओढायची?

गरिबाच्या लेकराला संधी मिळावी म्हणून, असे कुणी सांगितले तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. १४४ गुणांवर महाराष्ट्रातले सरकारी कॉलेज सहसा कुणाला मिळत नाही. खुल्या गटाला पाचशेच्या घरात जावे लागते, राखीव गटांना त्याहून कमी, पण १४४ च्या कितीतरी वर. या रेषेच्या आणि त्या पाचशेच्या मधल्या पट्ट्यात उभे राहून ज्याला डॉक्टर व्हायचे आहे, त्याच्या खिशात गुणांखेरीज दुसरे काही असावे लागते. रेषा खाली आहे ती त्या दुसऱ्या काहीसाठी. खासगी कॉलेजातली वर्षाला पंचवीस लाखांची खुर्ची रिकामी राहू नये, यासाठी.

तर एका गुणाचा भाव काढू. भाव काढल्याशिवाय आपण मेथीची जुडीसुद्धा घेत नाही.

महाराष्ट्रात सरकारी मेडिकलची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास. साडेचार वर्षांचे झाले पावणेसात लाख. अभिमत विद्यापीठांत, म्हणजे ज्यांना सगळे ‘डीम्ड’ म्हणतात त्यांत, वर्षाला पंचवीस लाख ऐकून आता कुणी दचकत नाही. साडेचार वर्षांचे एक कोटी साडेबारा लाख. हॉस्टेल, मेस, पुस्तके वेगळी. फरक एक कोटी पाच लाखांवर. समजा, एकाला पडले ५०० आणि दुसऱ्याला ३००. दोघे एकाच अभ्यासक्रमाचे, एकाच पदवीचे डॉक्टर होणार. दोनशे गुणांचे एक कोटी पाच लाख पंच्याहत्तर हजार, म्हणजे गुणाला ५३ हजारांच्या जवळपास. प्रश्न चार गुणांचा आणि चूक केली की वर एक उणे. तेव्हा बेडकाच्या हृदयाला तीनऐवजी चार कप्पे लिहिले, की बापाला दोन लाख चौसष्ट हजारांचा फटका.

अर्थात, बापाकडे असतील तर. नसतील तर पोराने ‘ड्रॉप’ घ्यायचा आणि रिपीटर बॅचला बसायचे.

बापाकडे असतील का, तेही पाहू. लातूर-नांदेडच्या ट्युशनच्या गल्ल्यांत ज्यांची पोरे खोली करून राहतात, त्यांतले कितीतरी बाप सोयाबीनवाले. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल. तो मिळतो का, हा प्रश्न आज नको. मिळाला असे धरू. डीम्डच्या एका वर्षाच्या फीला ४७० क्विंटल सोयाबीन लागेल. एकरी आठ क्विंटलचा उतारा धरला, बियाणे, खत, फवारणी, मजुरी सगळे आभाळातून फुकट पडले असे धरले, घरात कुणी जेवत नाही असेही धरले, तर जमीन लागते ५८-५९ एकर. आणि महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्याने जिरायत शेतीची मर्यादा आहे ५४ एकर. म्हणजे नुसत्या सोयाबीनवर पोराला डीम्डमध्ये घालायचे, तर शेतकऱ्याला आधी कायदा मोडावा लागेल.

ही झाली आत गेल्यावरची बात. दारापर्यंत पोचायचेही पैसे पडतात.

नीटचा अर्ज खुल्या गटाला १७०० रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १६००, अनुसूचित जाती-जमातींना १०००. वर प्रोसेसिंग आणि जीएसटी. जीएसटीवरून आठवले, क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी आहे. शाळेच्या शिक्षणाला तो माफ, कारण ते शिक्षण. क्लासला लागू, कारण तो धंदा. जीएसटी लावणाऱ्यांनी जे ओळखले ते पालकांनी अजून ओळखलेले नाही. आणि ज्या ज्युनिअर कॉलेजला जीएसटी माफ आहे, तिथे पोरगे प्रॅक्टिकलच्या परीक्षेपुरते उगवते. अशा प्रवेशाला सगळा गाव ‘डमी’ म्हणतो. फक्त हजेरीपटात तसे लिहीत नाहीत.

या डमीत एक फसगत आहे, ती क्लासच्या माहितीपत्रकात नसते. राज्याच्या ८५ टक्के कोट्यात बसायचे तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. क्लाससाठी कोटा शहरात जाऊन बारावी तिथल्याच शाळेत उरकली, की आपला पठ्ठ्या जन्माने मराठी आणि प्रवेशाने परका. उरला देशभराचा १५ टक्के कोटा, आणि त्यात अख्खा देश.

मग कागद. राष्ट्रीयत्व, अधिवास, उत्पन्न, जात, जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस, फिटनेस आणि ड्रॉप घेतलेल्यांना गॅपचे प्रतिज्ञापत्र. सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या माउलीला यातला कुठला कागद कुणासाठी, ते तोंडपाठ असते. मुद्रांक १०० वरून ५०० वर नेले आणि मग विद्यार्थ्यांच्या प्रतिज्ञापत्राला ते लागणारच नाहीत, असे सरकारने सांगितले. चांगले केले. हे आता तहसीलच्या बाहेर टेबल टाकून बसणाऱ्यालाही कुणीतरी सांगा.

फोटोचेही शास्त्र आहे. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसले पाहिजेत, एक पासपोर्ट आकाराचा आणि एक पोस्टकार्डाएवढा. परीक्षेला अर्ध्या बाह्या, पायात चपला, पाण्याची बाटली पारदर्शक, दीडला गेट बंद. गुणवत्तेच्या रक्षणासाठी मुलींच्या कानातले उतरवतात, केसांच्या क्लिपा काढायला लावतात. २०२४ साली एवढे सगळे तपासून झाले आणि पेपर फुटला हजारीबागला. कानातल्यांतून नव्हे, पेपरच्या पेटीतून. त्याच वर्षी निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले. सुधारित निकाल लागेपर्यंत त्यांतले १७ उरले. बाकीच्या पन्नास जणांच्या अभिनंदनाचे फ्लेक्स चौकात तसेच राहिले.

निकालानंतर ‘काउन्सेलर’ नावाचा माणूस भेटतो. कॉलेजांची नावे पसंतीच्या क्रमाने ऑनलाइन भरून द्यायची, एवढे त्याचे काम. त्याला ‘चॉइस फिलिंग’ म्हणतात आणि फी पाच आकडी असू शकते. सरकारने नियमावली इतकी गुंतागुंतीची ठेवली आहे की ती सोपी करून सांगण्यावर एक पेशा उभा राहिला. रोजगारनिर्मिती म्हणतात ती हीच असावी.

देशपातळीच्या कोट्यासाठी नोंदणीला हजार रुपये आणि दहा हजार अनामत, राखीव गटांना त्याच्या निम्मे. डीम्डसाठी मात्र पाच हजार आणि अनामत दोन लाख. इथे राखीव, खुला असा भेद नाही. सामाजिक समता म्हणतात ती अखेर इथे सापडली.

दिवाणखान्यातली चर्चा तुम्हाला माहीत आहे. ‘कोट्यामुळे आमच्या बंड्याचे गेले हो!’ बंड्या नंतर इन्स्टिट्यूशनल कोट्यातून गेलेला असतो. तोही कोटाच. खासगी कॉलेजात १५ टक्क्यांचा, फी नेहमीच्या कितीतरी पट. पण त्याच्यामुळे कुणाचे तरी गेले, असे त्या दिवाणखान्यात कुणी म्हणत नाही. या आरक्षणाला जात पडताळणी लागत नाही, तहसीलदाराची सही लागत नाही, नॉन-क्रीमीलेअर तर नाहीच नाही. इथे क्रीमच लागते.

अनिवासी भारतीयांची जागा हा त्याचा थोरला भाऊ. पोर वाढले सांगली-सोलापुरात, पण काका दुबईत सापडतो. पंजाब सरकारने या कोट्यात मामा, मावशी, आजोबा, चुलत भावंडे सगळी बसवायला घेतली, तेव्हा २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक थांबवा म्हणून सुनावले आणि हा पैसे कमावण्याचा धंदा असल्याचे स्पष्ट बोलून दाखवले. कोटा मात्र आहे. त्याला १५ टक्क्यांपर्यंतची मुभा २००५ साली याच न्यायालयाने दिली, आणि तो खटला आपल्याच राज्याचा, इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार.

आपल्याकडे हे सगळे कसे सुरू झाले, तेही पाहू. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदान कॉलेजांना दार उघडले. पोरे कर्नाटकात डोनेशन भरायला जात होती, ती इथे भरू लागली. चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, राज्याने डोनेशनबंदीचा कायदा केला. दार उघडणाऱ्यांनीच ‘आत येऊ नका’ची पाटी लावली. त्या वेळी पैसे पिशवीतून जायचे आणि पावती मागणारा येडा ठरायचा. आता पैसे बँकेतून जातात आणि रीतसर पावती मिळते. रक्कम मात्र अशी आहे की जुन्या डोनेशनवाल्याला आपण फारच मर्यादेत राहिलो असे वाटावे.

सरकारने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ३ फेब्रुवारी २०२२ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कागद काढला की, खासगी आणि अभिमत कॉलेजांतल्या निम्म्या जागांची फी त्या राज्याच्या सरकारी कॉलेजाएवढीच असावी. कागद उत्तम होता. बहुतेक ठिकाणी तो कागदच राहिला. जुलै २०२४ मध्ये आपल्या राज्याने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण शुल्कातून शंभर टक्के सुटका केली, आणि ही खरोखर मोठी गोष्ट आहे. अर्ध्यावर शिक्षण थांबलेल्या कितीतरी मुली त्यामुळे पुढे जातील. डीम्ड आणि व्यवस्थापन कोटा त्यातून वगळलेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, गडचिरोलीसह दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजे एका दिवसात, एका बटणावर सुरू झाली. बहुतेक शंभर-शंभर जागांची. शिकवायला प्राध्यापक मात्र बटणावर येत नाहीत.

शेवटी बाँड. सरकारी कॉलेजातून पावणेसात लाखांत शिकलेल्या डॉक्टरने वर्षभर सरकारी सेवा करायची. समाजाने शिकवले, समाजाला परत दे. योग्य आहे. ज्याने सव्वा कोट ओतले त्याच्यावर समाजाचे काही देणे नाही, तेही योग्य म्हणू. पण मग त्याने ओतलेले परत कुठून यायचे? तुमच्या-आमच्या पोटदुखीतून. दोनशे गुणांचा तो फरक बापाने हप्त्याने भरला आणि पेशंट तपासणी फीमधून फेडणार.

१४४ ची रेषा वर नेली तर हे थांबेल, अशा भ्रमात नाही. पदव्युत्तर प्रवेशाला जागा रिकाम्या राहतात म्हणून २०२३ साली पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली होती. परीक्षेला बसला म्हणजे पात्र. जागा आधी, पात्रता मागून, हाच क्रम आहे. फी सरकारने ठरवावी, डीम्डचीही, आणि निम्म्या जागांचा तो २०२२ चा कागद राबवून दाखवावा. त्याआधी ‘गुणवत्ता’ हा शब्द मंत्र्यांनी भाषणात वापरू नये.

आणि अर्ज भरणाऱ्यांनो, डीम्डच्या रकान्यात टिक करण्याआधी नियमावली स्वतः वाचा, काउन्सेलरच्या भरवशावर राहू नका. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडता येते. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही, तर अनामतीचे दोन लाख परत येत नाहीत.