अरुंधतीचा छुपा जोडीदार कसा शोधावा: नवशिक्यांसाठी

साहित्य: साकोलीतलं एक लग्न, शक्यतो मे महिन्यातलं, आणि दोन धड डोळे. बाकीचं साहित्य अमेरिकेत आहे.

आधी मांडवातले हॅलोजन बंद करायला सांगा. कोणी करणार नाही. मग पंगतीतून काढता पाय घ्या आणि हायवेच्या उजेडापासून लांब एखाद्या बांधीत जा. उन्हाळी धान लावलेली बांधी टाळा, नाहीतर लग्नातले बूट गेलेच समजा.

नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करा. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून मिणमिणते ती अरुंधती. गुरुजींनी नवरानवरीला दाखवली तीच. म्हणजे बोट दाखवलं. त्या दिशेला जनरेटर होता.

गुरुजींनी दोन सांगितले, तरी तिथे तारे आहेत सहा. वसिष्ठाचे दोन तर लहान दुर्बिणीतूनही दिसतात. पुढे दुर्बीण थकते, वर्णपट लागतो. १८८९ मध्ये हार्वर्डच्या पिकरिंगला थोरल्या वसिष्ठाच्या वर्णपटातली रेषा कधी एकेरी दिसे, कधी दुहेरी. दोन तारे साडेवीस दिवसांत एकमेकांना फेरी घालत होते. १९०८ मध्ये धाकटाही जोडीनेच राहतो असं निघालं. झाले चार.

खरी कसोटी अरुंधतीची. असे उष्ण, पांढरे तारे बहुधा स्वतःभोवती भन्नाट गरगरतात. त्यामुळे वर्णपटातल्या रेषा फिसकटतात आणि जोडीदाराची ओढ मोजता येत नाही. त्यात झगमगाट असा, की शेजारचा लहानसा तांबडा तारा दिसायचा कुठून?

अशा वेळी क्ष-किरण पाहावेत. सूर्याच्या पृष्ठभागाखाली उकळी फुटत असते, तिच्यातून चुंबकत्व आणि पुढे क्ष-किरण निपजतात. आठ हजार अंशांच्या अरुंधतीत ती उकळी नाही. तरी रोसॅट उपग्रहाला तिच्याकडून क्ष-किरण आले. घर सगळं माळकऱ्यांचं आणि परसदारातून सुक्या झिंग्यांचा वास! २००९ मध्ये दोन निरनिराळ्या गटांनी जोडीदार पकडला. त्यातल्या एकाने पालोमारच्या ५ मीटर दुर्बिणीवर अरुंधतीची चकाकी झाकून. सूर्याच्या पाव वस्तुमानाचा तांबडा खुजा तारा. वसिष्ठ-अरुंधतीत जे अंतर दिसतं, त्याच्या जेमतेम सहाशेव्या भागावर बसलेला.

हे मांडवात सांगू नये. विशेषतः वरमाईला.

हात बसला की मघा घ्या, त्याच रात्री पश्चिमेला. तिच्या जोडीदाराचा सुगावा २००८ मध्ये लागला, फेरी चाळीस दिवसांची. फक्त मघा नक्षत्र लागलं म्हणून ऑगस्टात बॅटरी घेऊन निघू नका. पाऊस उघडला तरी उपयोग नाही, तेव्हा सूर्यच तिथे मुक्कामाला असतो.