वन बीएचकेचे जहागीरदार

(स्थळ: कोथरूडमधल्या एका अमृततुल्यासमोरचं बाकडं. त्यावर दोन घरमालक. एक नवमालक: वारज्याला वन बीएचके घेतला, भाड्याने दिला, करार संपायला महिना उरलाय. दुसरे काका: शनिवार पेठेतल्या वाड्यात वडिलोपार्जित दोन खोल्यांचे मालक, त्या दोन्ही खोल्यांत दुसरंच कुटुंब राहतं. पुण्यात अशा माणसाला मालमत्तेतला तज्ज्ञ समजतात.)

काका: काय जहागीरदार, काय म्हणतेय जहागीर?

नवमालक: गळतेय. फ्लशची टाकी. गेल्या महिन्यात गिझर, त्याआधी सिंकखालचा पाइप. आमच्या स्वतःच्या घरातला नळ सहा महिने टपटपतोय, मी ढुंकून बघितलं नाही. वारज्याला एक थेंब पडला की रात्री अकराला मला व्हिडिओ येतो.

काका: आवाजासकट?

नवमालक: आवाजासकट. खाली मेसेज, ‘अंकल, जरा लवकर बघा ना.’ अंकल! त्याच्यात नि माझ्यात चार वर्षांचं अंतर आहे.

काका: ते इंडेक्स टूबरोबरच येतं रे. नाव लागलं की माणूस अंकल. टाकीतला वॉशर बदल, साठ रुपयांचा असतो.

नवमालक: वॉशर साठचा, प्लंबरचे साडेचारशे. वर तो म्हणतो, ‘बघायला आलो त्याचे वेगळे.’ मला तर सांगितलं होतं, फ्लॅट घ्या, भाडं येत राहील, हप्ता आपोआप फिटेल.

काका: कोणी सांगितलं?

नवमालक: बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीने.

काका: ती कुठे राहते?

नवमालक: भाड्याने.

काका: हुशार आहे. हप्ता किती तुझा?

नवमालक: 40 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. महिना 34,700. भाडं 17,000.

काका: म्हणजे दर महिन्याला तुझ्या खिशातले 17,700. तो राहतो 17,000 देऊन, तू न राहता 17,700. तुमच्यापैकी जास्त भाडं भरतोय कोण?

नवमालक: वर मेंटेनन्स माझाच. सुरुवातीला दोन महिने फ्लॅट रिकामा होता, तेव्हाही भरला. मग एजंटने एक महिन्याचं भाडं घेतलं.

काका: त्याच्याकडूनही घेतलं असेल.

नवमालक: घेतलं की. दोघांना वेगवेगळं कोपऱ्यात नेऊन म्हणाला, ‘तुमच्यासाठी म्हणून एवढ्यात करतोय.’

काका: करार तरी नोंदवलास? की पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी?

नवमालक: नोटरीच करणार होतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं ऐकलं होतं.

काका: महाराष्ट्रात लागते! भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि जबाबदारी मालकाची. नाही केलास तर तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

नवमालक: आणि भाडेकरूला?

काका: त्याला काय! उलट अटींवरून भांडण झालं, तर तो सांगेल त्या अटी खऱ्या, तू खोट्या ठरवेपर्यंत.

नवमालक: नाही, नोंदवला शेवटी. मुद्रांक पाचशेच्या आसपास, नोंदणी फी हजार. एक पोरगा अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. भाडेकरूचा अंगठा एका झटक्यात लागला. माझा काही लागेना. पोरगा म्हणतो, ‘साहेब, अंगठा जरा कपाळावर घासा, तेल लागू द्या.’ चौथ्यांदा घासला तेव्हा हिरवा दिवा लागला. सगळ्यांसमोर स्वतःचं कपाळ चोळत बसलो होतो मी.

काका: बरोब्बर जागा निवडली त्याने. पोलिसांकडे माहिती भरलीस?

नवमालक: भरली, तीही ऑनलाइन. आता तो मुदत संपल्यावर निघाला नाही तर काय, ही एकच धास्ती.

काका: त्याची नको काळजी. कलम 24. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते.

नवमालक: दुप्पट? म्हणजे 34,000? (बोटांवर हिशेब करतो) काका, हप्त्याला सातशेच कमी पडतात! तो निघू नये म्हणून काय करावं लागेल?

काका: अरे, ते सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून, तारखा घेऊन मिळतं! दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यावर येत नाही.

नवमालक: पाच तारखेला आत्ताचंही येत नाही, बाराला येतं. एकदा ठरवलं होतं, जाऊन पाण्याचा कॉकच बंद करतो.

काका: खबरदार. कलम 29. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, काही तोडता येत नाही. घर बघायला जायचं तरी आधी कळवून, योग्य वेळी. कलम 28.

नवमालक: कळवून गेलो होतो की! गेटवर वॉचमन म्हणाला, कुठल्या फ्लॅटला? म्हटलं, माझ्या. त्याने ॲपमध्ये टाकलं. भाडेकरूने मंजुरी द्यायची होती, तो मीटिंगमध्ये. बारा मिनिटं उन्हात उभा. तेवढ्यात त्याचं पार्सल घेऊन आलेला पोरगा सरळ आत गेला, त्याला रोजची मंजुरी आहे. शेवटी मला सोडलं तेव्हा रजिस्टरमध्ये ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात वॉचमनने काय लिहिलं असेल?

काका: मालक?

नवमालक: ‘टाकी दुरुस्ती.’

(काका चहा फुर्रकन ओढतात. हसू लपवायची ही जुनी रीत आहे.)

नवमालक: त्यात सोसायटीने महिना दोन हजार नॉन-ऑक्युपन्सी लावलंय.

काका: दोन हजार? सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, तेही पालिकेचे कर वगळून. 1 ऑगस्ट 2001 चा शासनाचा आदेश आहे. मीटिंगमध्ये आपटायचा टेबलावर!

नवमालक: आपटला. सेक्रेटरी म्हणाले, ‘तुम्ही इथे राहत नाही, तुम्हाला सोसायटीच्या अडचणी काय कळणार? तुमच्या भाडेकरूला विचारा.’ आणि काका, तो त्यांच्या शेजारीच बसला होता. गणपतीचं सगळं नियोजन त्याच्याकडे आहे.

काका: मिळकतकर?

नवमालक: त्यातली चाळीस टक्के सवलत गेली. पीटी-3 अर्ज भरायला गेलो तर म्हणाले, ती स्वतः राहणाऱ्याला.

काका: आयकरात आहे ना काहीतरी. भाड्यातून पालिकेचा भरलेला कर वजा, उरलेल्याच्या सरसकट तीस टक्के आणखी वजा. खर्च केलास तरी, नाही केलास तरी.

नवमालक: माझा खर्च साठ टक्के झालाय.

काका: तरी तीसच. पण तू भाग्यवान आहेस रे. तुझा माणूस अकरा महिन्यांचा आहे. माझा 1947 च्या भाडे कायद्याच्या छत्राखाली आला, म्हणजे त्याचे वडील आले. नवा कायदा 31 मार्च 2000 ला लागू झाला तेव्हा दोन खोल्यांचं भाडं होतं पंधरा रुपये. कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. मी एक वर्ष सोडलं नाही! पंचवीस वर्षांत पंधराचे चाळीस केले.

नवमालक: चाळीस हजार?

काका: चाळीस रुपये. यूपीआयने पाठवतो, आणि पावती मागतो. पावती छापायला मला त्याहून जास्त पडतं. यंदा एक रुपया साठ पैसे वाढ कळवली, तर म्हणाला, ‘साठ पैशांचं काय, राऊंड ऑफ करू या का?’ मी म्हटलं करा. त्याने खाली केलं.

नवमालक: बाप रे.

काका: म्हणून सांगतो, तू मालकासारखा वाग. महिन्याने करार संपतोय ना? दहा टक्के वाढ माग. आत्ता लाव फोन. नाही म्हणाला तर स्पष्ट सांग, मोकळं कर घर. डिपॉझिट हातावर ठेवायचं नि नमस्कार करायचा.

नवमालक: (फोन लावत) एकदम बरोबर. स्पष्टच सांगतो. (थबकून) डिपॉझिट हातावर ठेवायचं?

काका: मग? पन्नास हजार त्याचेच आहेत. तू नुसते सांभाळायचे.

नवमालक: काका, त्यांच्या ट्रॉल्या झाल्या.

काका: कसल्या ट्रॉल्या?

नवमालक: किचनच्या. 28,000 त्यात गेले, गिझर आठ, खिडक्यांच्या जाळ्या, उरले ते एजंटला.

काका: त्याच्या पैशांनी त्याचंच स्वयंपाकघर सजवलंस! आणि आता तो उठला तर पन्नास आणणार कुठून?

नवमालक: पुढचा भाडेकरू देईल त्यातून…

काका: आणि पुढचा येईपर्यंत?

नवमालक: श्श, उचलला. हॅलो… हो, मीच. नाही, टाकीसाठी उद्या प्लंबर येतोय… करार? हो, संपतोय खरा… काय? बाणेरला बघताय? (बाकड्यावरून उठतो) अहो, कशाला… छे छे, भाडं वाढवायचा विषय कोणी काढला!… सोळा?… सोळाही काही वाईट नाही, बघू या की… नाही नाही, बोला ना… इन्व्हर्टर?… कुठल्या कंपनीचा हवाय?